प्रयागमावशीचा ऐवज

प्रयागमावशीने उभ्या आयुष्यात कुणाचं गुपित फोडलं नाही, असं ती स्वतः सांगायची. ते एका अर्थी खरं होतं. फोडावं लागेल इतका वेळ गुपित तिच्याजवळ टिकायचंच नाही. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढलेली बाई. पट्टा फिरत असताना समोरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलायला शिकली, आणि पट्टा थांबल्यावर तो आवाज खाली आणायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेलही. तेव्हा गिरणी चालू असेल.

सेनगावजवळच्या आमच्या गोरेगावात बाजाराच्या रस्त्याला तिची गिरणी आणि बरोबर समोर माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांच्या सातबाऱ्यावर बारीक पिठाचा थर असायचा आणि गावातली प्रत्येक बातमी मला जागेवर बसून मिळायची. एकदा शेजारच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. मुलीच्या आईनं मावशीला मत विचारलं. मावशीनं तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, तोंडाला पदर लावला आणि कानात कुजबुजली, "पोरगं झकास हाय. फक्त दात पुढं हायेत." बाहेरच्या खोलीत पोह्यांचा घास तोंडाशी नेलेला नवरामुलगा तसाच थांबला. तिथून पुढचे दोन तास त्यानं ओठ उघडले नाहीत. मुलीला वाटलं, किती शांत स्वभाव! लग्न ठरलं. आज त्यांना दोन लेकरं आहेत आणि मावशी ते लग्न आपणच जुळवलं म्हणून सांगायची.

दिसायला चणीनं लहान. सकाळी काळ्याभोर भुवयांची मावशी गिरणी उघडायची, दुपारपर्यंत भुवया पांढऱ्या होऊन ती ऐंशीची व्हायची, आणि संध्याकाळी बादलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं की पुन्हा साठीवर यायची. वयाचा हा जाण्यायेण्याचा प्रवास मी रोज पाहिला आहे.

तिचा खरा अधिकार पिठावर. चिमूटभर पीठ अंगठ्यानं चोळून ती त्या घराची खबर काढायची. "काहून गं, आज एवढं बारीक? सासूची दाढ दुखून राहिली का?" दाढ दुखतच असायची. एका बाईनं ज्वारी जाडी भरडी दळायला सांगितली, तर मावशी म्हणाली, "नवऱ्यावर रुसलीस व्हय? बराबर हाय, खाऊ दे त्याला टोचणारी भाकर." बाई लाजून लाल झाली आणि रांगेतल्या आठ जणींना तिच्या संसाराचं सगळं कळलं.

मावशी माळकरी. पण तिची माळ इतरांना त्रास देणारी नव्हती. दुसऱ्यानं काय खावं याबद्दल तिची तक्रार नसायची. फक्त आपल्या जिभेवर ते नावसुद्धा येऊ द्यायचं नाही, असा तिचा नेम. मटणाला ती 'ते' म्हणायची. सिद्धेश्वरच्या धरणातली मासळी विकायला आली की ती 'पाण्यातली भाजी'. राहता राहिलं अंडं. त्याला नाव नव्हतं, कारण त्याचं काम कधी पडलं नव्हतं.

काम पडलं ते शेवंतीमुळे.

शेवंती म्हणजे गिरणीला भिंत लावून राहणाऱ्या सुमनबाईंची कोंबडी. पिवळसर तांबूस, शेपटीत दोन काळी पिसं, चालणं तहसीलदारासारखं. सुमनबाई अंगणवाडीत मदतनीस. त्यांचं आणि मावशीचं घरोब्याचं नातं. बुद्धपौर्णिमेला सुमनबाईंच्या घरची पहिली वाटी खीर मावशीकडे यायची आणि संक्रांतीला मावशीचे तिळाचे लाडू त्यांच्याकडे जायचे. गिरणी सुरू झाली की सांडलेले दाणे टिपायला शेवंती यायची. पुढं पुढं ती जाईनाशी झाली. रिकाम्या पोत्यांच्या मागं तिनं बिऱ्हाड थाटलं. सुमनबाई दोनदा घेऊन गेल्या, दोनदा ती परत आली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "मावशी, तिनं तुमचंच घर पसंत केलं. ठेवून घ्या."

"अगं, मी माळकरी बाई!"

"मग तिला बी घाला एक माळ."

आणि एका सकाळी मावशी गिरणीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. गिरणीत विसरलेल्या वस्तूंचा पुकारा करायची तिची पद्धत होती. कुणाची किल्ली राहायची, कुणाची बांगडी, कुणाचा चष्मा. मावशी पायरीवरून ओरडायची, "ज्याचा ऐवज असंल त्यानं घेऊन जावा!" त्या दिवशी तिनं तसाच पुकारा केला. सहा जण धावले. तिनं पोत्यांकडे बोट दाखवलं. तिथं एक अंडं होतं.

तेव्हापासून अंड्याचं नाव 'ऐवज' पडलं. शेवंती मावशीची, ऐवज सुमनबाईंच्या नातीचा, असा करार झाला. रोज सकाळी मावशी लांब दांड्याच्या लोखंडी पळीत, हात न लावता, श्वास रोखून तो ऐवज सुमनबाईंच्या ओट्यापर्यंत नेऊन पोचवायची. वाटेत कुणी हाक मारली तर उत्तर द्यायची नाही. पालखी नेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असतं तेवढं गांभीर्य तिच्या तोंडावर असायचं. सगळी गल्ली आदबीनं बाजूला व्हायची. मावशीचा मान राखून सुमनबाईही तिच्यासमोर 'ऐवज'च म्हणायच्या, मग रांगेतल्या बायकाही म्हणू लागल्या. आमच्या गल्लीत तो शब्द इतका रुळला की त्यात काही वेगळं आहे हेच आम्ही विसरलो.

हे विसरणं आम्हाला महागात पडणार होतं.

त्या सकाळी लाईट आली, पट्टा फिरू लागला आणि शेवंती दाणे टिपायला पुढं आली नाही. मावशीनं पोत्यांमागं पाहिलं. शेवंती पिसं फुगवून, शेपटी खाली टाकून बसली होती. उठवलं तर पाय फाकवून बदकासारखी दोन पावलं चालली, अंग आखडून जोर केला आणि पुन्हा बसली. आदल्या दिवशी ऐवज नव्हता. त्याच्या आदल्या दिवशीही नव्हता.

गिरणीच्या पायरीवर तुकाराम आबा नावाचे एक गृहस्थ कायमचे बसलेले असायचे. दळण आणायचे नाहीत, सल्ला द्यायचे. त्यांनी शेवंतीकडे एक नजर टाकली. "खुडूक झाली. अंडी उबवायचा हट्ट धरला की कोंबडी अशीच फुगून बसते. थंड पाण्यात बुडवा दोन-चार वेळा, डोकं ताळ्यावर येतं."

मावशीनं रांजणातलं गारेगार पाणी बादलीत घेतलं आणि डोळे मिटून शेवंतीला बुडवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा शेवंतीनं मान टाकली. तिचे डोळे अर्धे मिटले, अंग थडथड उडायला लागलं, आणि आवाज म्हणून निघेना.

मावशीनं गिरणी बंद केली. लाईट असताना, रांगेत अकरा डबे असताना तिनं खटका खाली ओढला. मी दुकानातून उठून धावलो. गिरणी एवढ्या लवकर बंद झालेली मी फक्त मावशीचे मालक वारले त्या दिवशी पाहिली होती.

सुमनबाई आल्या. त्यांनी शेवंतीच्या पोटाखाली हलकेच हात घातला. "मावशी, खुडूक कोंबडी हात लावला की चोच मारते, अंगावर येते. ही मुकी झाली. ही अडलीय बघा. पोटात कडक लागून राहिलं. थांबा, मी पाणी गरम करून आणते. दादा, तुमी डॉक्टरला फोन लावा."

'अडली' हा शब्द ऐकताच मावशी पोत्यावर बसली. तिच्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाच्या वेळी हाच शब्द घरात ऐकला होता, एवढंच ती एकदा मला बोलली होती. तिनं शेवंतीला पदरात घेतलं.

मी सेनगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तो मावशीच्या हातात दिला. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांमध्ये ही धरायला हरकत नाही.

"साहेब," मावशी गरजली, "कोंबडीच्या पोटात ऐवज अडकलाय!"

"ऐवज?" डॉक्टर दचकले. "म्हणजे सोन्याचा?"

"आपल्याला सोन्यावानीच हो!"

"केवढा आहे?"

"रोज असतो तेवढाच."

"रोज? रोज गिळते?"

"गिळंल काहून? देते!"

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, घरात दुसरं कुणी मोठं माणूस आहे का?" आणि रेंज गेली.

पण मावशीचा आवाज रेंजवर अवलंबून नव्हता. अर्ध्या बाजाराला कळलं की गिरणीतल्या कोंबडीच्या पोटात सोन्याचा ऐवज आहे. भाजीवाल्या उठून आल्या, चहावाला भांडं तसंच ठेवून आला, जीपमध्ये बसलेले पॅसेंजर उतरून आले. या गर्दीला कापत, एका हातानं नाक धरून, रुक्मिणबाई आल्या.

रुक्मिणबाईंच्या नाकातली फुली परवा दळण नेताना हरवली होती. त्यांनी ती गिरणीत शोधली, रस्त्यावर शोधली, माझ्या झेरॉक्सच्या मशीनखालीही शोधली.

"म्या म्हणलं व्हतं का न्हाई, फुली हितंच पडली!" त्या ओरडल्या. "हिनं गिळली! मावशी, कापा तिला. तशी बी मरूनच राहिली ती. म्या तुमाला दुसरी आणून देते."

"मी कापू देणार न्हाई," मावशी म्हणाली.

"कापायचं काहून?" आबांनी मधला मार्ग काढला. "पोट दाबा जोरात. काय असंल ते बाहेर येईल." आणि ते बाह्या सारून पुढं झाले.

सुमनबाई गरम पाण्याचं पातेलं घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथूनच किंचाळल्या, "दाबू नका! आत फुटलं तर मरंल ती!"

"फुली फुटते व्हय?" रुक्मिणबाईंनी विचारलं.

"फुली न्हाई हो ती, ऐवज हाय!"

"मग ऐवज म्हंजे काय येगळं असतं?"

मी मध्ये पडून दोनदा खरं काय ते सांगितलं. झेरॉक्सवाल्याचं कोण ऐकतं! कुणीतरी विळी आणायला गेलं. आबा अजून एक पायरी वर चढले. मावशी शेवंतीला छातीशी धरून मागं सरकत सरकत जात्याच्या दगडाला टेकली. पुढं जागा नव्हती. शेवंतीनं चोच उघडून एक धापेचा श्वास घेतला, तो मला गर्दीतून दिसला.

मावशीनं गर्दीकडे पाहिलं. एक हात गळ्यातल्या माळेवर गेला. ती वर छताकडे बघून काहीतरी पुटपुटली. पुटपुटणं तिचंच, त्यामुळे ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: "पांडुरंगा, जरा कान बंद कर." आणि मग चाळीस वर्षांच्या गिरणीची सगळी ताकद लावून ती ओरडली,

"अंडं हाय! तिच्या पोटात अंडं हाय! अंडं! अंडं! अंडं!"

ग्रामपंचायतीच्या छपरावरची कबुतरं उडाली. विळी आणणारा विळीसकट परत फिरला. आबा चढले होते त्या पायऱ्या मोजून उतरले. रुक्मिणबाईंनी नाकावरचा हात काढून तोंडावर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मावशीच्या तोंडून तो शब्द आल्यावर पटलं नाही असा माणूस त्या गर्दीत नव्हता.

मावशी एकदम शांत झाली. पुन्हा वर बघून म्हणाली, "ऐकलंस तर ऐकलंस. आता मला टाईम न्हाई."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. एकदा बांध फुटल्यावर मावशीला धरवेना. "अंडं, साहेब! अंडं अडलंय! कालचं अंडं न्हाई, परवाचं अंडं न्हाई, अंड्याची तकलीफ हाय!" डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि काय करायचं ते नीट सांगितलं. पोट बुडेल इतक्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बसवा. मागच्या बाजूला बोटानं थोडं गोडं तेल लावा. मग कोरडं करून अंधाऱ्या जागी टोपलीत ठेवा आणि वर बल्ब लावून ऊब द्या. पोट अजिबात दाबू नका. मी निघालोच आहे.

परातीत पाणी ओतलं. लेकराच्या अंघोळीचं बघतात तसं मावशीनं कोपरानं बघितलं, जरा गार घातलं, पुन्हा बघितलं. मग शेवंतीला अलगद बसवलं. पहिल्यांदा ती धडपडली. मग ऊब पोटाला लागली असावी. डोळे मिटून ती पाण्यात अशी बसली की जणू माहेरी आली आहे. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "लई चुकलं माय माझं. गार पाण्यात बुडवलं तुला. त्या आबाला दळण देणार न्हाई मी."

"मी दळण आणतच न्हाई," आबा पायरीवरून म्हणाले.

"मग सल्ला बी आणू नगं!"

बल्बचं मात्र अवघड झालं. मी माझ्या दुकानातला काढून आणला, चहावाल्यानं त्याचा दिला. उजेड भरपूर, ऊब शून्य. आजकालचे सगळे पांढरे बल्ब; हात लावला तर गारच. जुना पिवळा तापणारा बल्ब गावात उरलाय कुणाकडे? आणि लाईट दोनला जाणार होती. आम्ही चार दुकानं पालथी घातली. परत येतो तर रुक्मिणबाई धापा टाकत आल्या. त्यांनी पदराखालून फडक्यात गुंडाळलेला पिवळा बल्ब काढला.

"गोठ्यातला हाय," त्या मावशीकडे न बघता म्हणाल्या. "वासरासाठी ठेवला व्हता. घ्या."

मावशीनं बल्ब घेतला. "बस हितं," म्हणाली आणि पोत्यावर जागा करून दिली.

टोपलीवर गोणपाट टाकलं, आत बल्ब सोडला. मग आम्ही बसून राहिलो. दवाखान्याबाहेर बाळंतिणीचे नातेवाईक बसतात तसे. आबा हात मागं बांधून येरझारा घालत होते. अकरा डब्यांच्या अकरा मालकिणी, पण दळणाचं नाव कुणी काढेना. मावशी आयुष्यात पहिल्यांदा खरंच हळू आवाजात बोलत होती, आणि त्यामुळे ती काय म्हणते हे कुणालाच कळत नव्हतं. प्रत्येक जण "काय? काय?" करत होता.

दोनला पाच मिनिटं असतील. टोपलीत खुडबुड झाली. शेवंती अर्धवट उभी राहिली, अंग ताणलं. मावशीनं गोणपाटाखाली हात घातला, आणि ते तिच्या तळहातावरच पडलं.

हात बाहेर आला. त्यावर एक मोठं, वेडंवाकडं अंडं होतं. कवच धड नव्हतं. ओल्या कातड्यासारखं मऊ. मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

सुमनबाई घाईनं उठल्या. "मावशी, थांबा, पळी आणते."

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "कोमट हाय."

तिनं ते बराच वेळ तसंच धरलं. लाईट गेली. टोपलीतून शेवंतीनं चिडक्या आवाजात "कुर्र" केलं आणि गिरणीत असा कल्ला उठला की जीपवाल्याला वाटलं, भांडण लागलं.

डॉक्टर अर्ध्या तासानं फटफटीवर पोचले. शेवंतीला तपासलं, पाण्यातून द्यायचं औषध दिलं, पुढं दाण्यात शिंपल्याचा चुरा घालत जा म्हणाले. चहा घेता घेता त्यांनी हसू दाबत विचारलं, "तो ऐवज बघायला मिळेल का?" मावशीनं दाखवला.

फुली तीन दिवसांनी सापडली. रुक्मिणबाईंच्या घरच्या भाकरीत, त्यांच्या नवऱ्याच्या दाढेखाली. मावशीला ते कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पीठ चाळत न्हाई ती. म्या कवाच वळखलं व्हतं."

दुसऱ्या आठवड्यापासून पळीची मिरवणूक पुन्हा सुरू झाली, आणि अंड्याचा पुन्हा ऐवज झाला. मी एकदा तिला छेडलं, "मावशी, त्या दिवशी तर चांगलं म्हणत होतीस." ती म्हणाली, "त्या दिवशी गरज व्हती. आज काहून म्हणू?"

गेल्या थंडीत तिची लेक तिला हिंगोलीला घेऊन गेली. गुडघे बोलायला लागले होते. गिरणी आता पुतण्या चालवतो. पीठ ठीक असतं. निघायच्या सकाळी ती जीपपाशी आली तेव्हा हातात एक पिशवी आणि काखेत शेवंती. जीपवाला म्हणाला, "मावशी, कोंबडी टपावर टाका."

"टपावर तू बस. गाडी लेक चालवंल माझी."

ती पुढच्या सीटवर बसली, मांडीवर शेवंती. गार वारं सुटलं होतं आणि खिडकीची काच चार बोटं उरली की अडकत होती. मावशीनं दोनदा वर ढकलली. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्न सोडला आणि त्या फटीवर आपला तळहात आडवा लावला. जीप सेनगावच्या वळणाला लागेपर्यंत तो मला काचेवर दिसत होता.